टीवीतल्या बैलाले आवतन

टीवीत एक बैल हाय. शहरात तिसऱ्या माळ्यावरच्या फ्लॅटात राह्यते, टाय घालून हापिसात जाते, लिफ्टमंदी त्याचे शिंगं अडकते आन् वाचमन त्याच्यावर खेकसते. कार्टून हाय, लेकरायनं हासावं म्हणून. माही पोरगी हासते बी. पण रोज जीव लावून पाह्यते कोन, तं सासरे. आन् हासत नाहीत ना बाप्पा!

फरशीवर त्याचे खुरं घसरतीन म्हणतात. त्याले कुटार कोन टाकते, पाणी कोन पाजते, एकटाच काहून हाय, जोडीचा कुठी गेला. मी भाकरी थापू का याईले उत्तरं देऊ? शंभर खेपा सांगतलं, मामाजी, ते चितर होय, त्याले भूक लागत नाही. मान हालवतात, आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोक्शाले नुसता ताप.

खरं सांगते, आमच्या जोडीतला एक बैल मागच्या साली गेला. उरलेल्या एकट्याचं काम काय? पेरणी, डवरणी सारी टॅक्टरनं. शेण मातर मीच काढू, पाणी मीच पाजू, वरून वावरातलं निंदण. मी नवऱ्याच्या मांगं टुमणं लावलं आन् उन्हाळ्यात त्याले बजारात इकाले लावला. रिठदकडच्या कोण्या माणसानं नेला. सासरे एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तं भांडता तरी आलं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वावरातून घरी आली, पाह्यते तं टीवीच्या काचेवर तूप-हळद! तो बैल लिफ्टीत अडकून उभा, आन् सासरे पळसाचं पान बुडवून बुडवून त्याचे खांदे शेकून राह्यले, जसे गोठ्यात दर साली शेकत. पोरगी बाजूले हात जोडून. आन् मामाजी त्याले म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी पेटलीच. फडकं आणलं, तोंडाचा पट्टा चालू. घरातला टीवी खराब करून राह्यले, पोरगी शाळेत सांगन, गाव हासन, मातारपणी अक्कल गहाण ठेवली का. वयाचा मुलाहिजा नाही ठेवला. त्याईनं पान खाली ठेवलं.

"सुनबाई," ते म्हणाले, "घेणाराले सांगतलं होतं ना, त्याचा डावा खांदा सुजते म्हणून? जास्त वेळ जू सहन नाही होत त्याले."

नव्हतं सांगतलं. नवरा सांगणार होता, मीच त्याले गप केलं. ते ऐकून इकत घेणारा मांगं सरकला असता तं ढोर पुन्हा माह्याच दावणीले आलं असतं.

"सांगतलं होतं, मामाजी," मी म्हटलं.

"मंग बरं हाय," म्हणाले, आन् माह्या हातातलं फडकं घेऊन सोताच काच पुसाले लागले.