मंगळाचा रकाना

तेव्हा मी शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचे. तिथल्याच एका वधू-वर सूचक मंडळाच्या बाईंनी आमच्याकडून ऑनलाइन फॉर्म करून घेतला. त्यात मंगळाचा रकाना होता. क्लिक केलं की खाली यादी उघडायची: नाही, सौम्य, कडक. काही निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये, एवढी काळजी मी घेतली होती आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

आठेक महिन्यांनी बाईंचा फोन आला. एक गृहस्थ येऊन बसलेत, मुलीला मंगळ नाही आणि साइटवर कडक दिसतोय म्हणतात. मी फणकाऱ्यानं म्हटलं, त्यांनीच चुकीचं निवडलं असणार, कॉम्प्युटर कशाला कोणाची पत्रिका बदलायला जातोय! हे त्यांना इथे येऊन सांगा, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

गेले. गृहस्थ नागपूरकडचे, इथे कारखान्यात नोकरीला. मांडीवर मुलीची पत्रिका. आठ महिन्यांत एकाही स्थळाकडून विचारणा नव्हती. फॉर्म सायबर कॅफेत बसून भरला होता म्हणे. मी त्यांना मंडळाच्या कॉम्प्युटरवर तो पुन्हा भरायला सांगितलं, अर्थात चूक पकडायच्या तयारीनंच.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून नीट वाचलं आणि 'नाही' निवडलं. मग खालच्या बटणाकडे जायला माउसचं चाक फिरवलं. पान जागचं हललं नाही. रकान्यातलं 'नाही' मात्र 'सौम्य' झालं, मग 'कडक'. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. वैतागून त्यांनी कडेची पट्टी ओढली आणि बटण दाबलं.

आमच्या ऑफिसातले सगळे माउस बुधवार पेठेतून आणलेले, जुने, बिनचाकाचे. फॉर्म मी कितीदा तपासला होता, पण चाक फिरवून एकदाही नाही. निवड झाल्यावर त्या यादीनं चाकाला दाद देऊ नये, एवढं सांगायला कोडच्या दोन ओळी पुरल्या असत्या.

चूक माझी आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, आम्ही घरी पोरीलाच बोलत होतो," ते म्हणाले. "साइटवर लावायला तीनदा फोटो काढायला लावला. शेवटचा तर चष्मा काढून."

मग त्यांनी तिथूनच घरी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्यांच्याच्यानं सांगवेना. मी मुलीला सगळं एका दमात सांगितलं आणि माफी मागितली. रकाना आत्ता लगेच दुरुस्त करते, असंही म्हटलं.

"मंगळाचं नंतर करा," ती म्हणाली. "आधी माझा चष्म्याचा फोटो परत लावा."

वडील समोरच बसले होते. मी आधी फोटो बदलला.