अण्णांची बारनिशी आणि मोफत सफाई

आमच्या अण्णांनी आलेल्या कागदाला उत्तर दिलं नाही, असं आजवर घडलेलं नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. कागद आला की वहीत नोंद, नोंदीला क्रमांक, क्रमांकापुढे शेरा. या वहीला ते बारनिशी म्हणतात. अण्णा निवृत्त झाले, बारनिशी झाली नाही. घरात येणारं विजेचं बिल, बारशाचं आमंत्रण, सगळ्याला क्रमांक पडतो. माझ्या सासरहून होकाराचं पत्र आलं होतं, तेही वहीत आहे (शेरा : 'प्रथमदर्शनी ठीक').

अशा माणसाच्या हाती मी माझा जुना लॅपटॉप दिला. कारण तसं मोठं होतं. पडेगावच्या त्यांच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने अण्णांचं भाषण ठरवलं होतं, विषय वेरूळची लेणी. नोकरीत असताना पाहुणे आले की साहेब त्यांना वेरूळ दाखवायला न्यायचे, आणि अण्णा मागून साहेबांची बॅग घेऊन चालायचे. साहेब लेण्यांपुढे जे बोलायचे ते आदल्या दिवशी अण्णांनीच लिहून दिलेलं असायचं. आता पहिल्यांदाच ते स्वतःच्या तोंडाने बोलणार होते, मागे पडद्यावर फोटो दाखवत. मंडळाच्या फळ्यावर खडूने त्यांचं नाव लिहिलं होतं. ते बघायला अण्णा दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा आईला घेऊन.

रविवारी सकाळी दहाला भाषण. शनिवारी दुपारी अण्णांचा फोन आला.

"शुभा, ते मशीन आपल्या मनानंच बोलायलंय."

मी एका शाळेत आठवीला कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे खानदानातला कुठलाही प्लग सैल झाला तरी मलाच बोलावणं येतं. मी छावणी भागात राहते. तिथून पडेगाव रिक्षाने पंधरा मिनिटं, तरी संक्रांतीनंतर मी फिरकले नव्हते. शाळा सुटल्यावर तशीच गेले.

अण्णांनी वेरूळचा फोटो उघडून दाखवला. कैलास लेण्यातलं ते शिल्प, रावण कैलास पर्वत हलवतोय. आणि बरोबर रावणाच्या अंगावर एक चौकट उगवली : 'गुडघे दुखतात का?' ती बंद केली तर कोपऱ्यातून टकलावरचं तेल आलं. ते घालवलं तर सायरन वाजला आणि लाल अक्षरांत कळलं की संगणकात पाच जंतू आहेत. ब्राउझर उघडला तर पहिलं पानच भलतं. दुसरा ब्राउझर उघडला, तिथेही तोच संसार.

"अण्णा, तुम्ही कुठं 'परवानगी द्या' असं दाबलंत का?"

"दाबलं की."

"किती वेळा?"

"जितक्यांदा विचारलं तितक्यांदा." अण्णा शांतपणे म्हणाले. "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या परवानगीचे कागद साहेबांपुढं ठेवले. हे मलाच विचारायलंय, परवानगी आहे का म्हणून. नाय कसं म्हणावं?"

यावर मी वर्गात देते ते अख्खं व्याख्यान अण्णांना दिलं. न वाचता होकार द्यायचा नसतो, अनोळखी चौकटीला हात लावायचा नसतो, वगैरे. तोंडाने बोलत हाताने सगळ्या परवानग्या रद्द केल्या, पहिलं पान पूर्ववत केलं आणि लॅपटॉप बंद करून विजयी मुद्रेने पुन्हा सुरू केला.

गुडघे पुन्हा दुखायला लागले.

तीनदा केलं, तीनदा तेच. दरम्यान अण्णा उठून आतल्या खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. मंडळाच्या अध्यक्षांना अर्ज होता : 'अपरिहार्य कारणास्तव व्याख्यान रद्द करावे, ही विनंती.'

"चूक माझीच झाली," ते म्हणाले. "लोकांपुढं हसू नको व्हायला. जाऊ दे, एवढी वर्षं बोललो नाय तर काही अडलं का?"

हे म्हणताना त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. मला भडभडून आलं आणि त्याहून जास्त त्या जाहिरातींचा राग आला.

तेवढ्यात आई चहा आणि संगणकासाठी केलेली वेगळी बारनिशी घेऊन आली. "आधी हे तर बघ. रोज बसून लिहायलेत."

अण्णांनी प्रत्येक जाहिरातीची नोंद केली होती!

'आवक क्र. ३१. विषय : केस उगवून देणेबाबत. शेरा : आवश्यकता नाही.'

'आवक क्र. ४७. विषय : पडेगाव परिसरातील एकाकी महिला आपणांस भेटू इच्छितात. शेरा : सौ.स दाखविले.'

"मी म्हटलं, कोण आहे ती बिचारी, पत्ता तर विचारा," आई म्हणाली. "जेवायला बोलवू. पण पत्ताच देईना."

मी हसत हसत पानं उलटत मागे गेले, अगदी पहिल्या नोंदीपर्यंत. तिथे माझं हसू थांबलं.

'संक्रांतीचा दुसरा दिवस. ३.४० : सौ. शुभा आली. संगणक मंद चालतो म्हणून सफाईचे मोफत साधन बसविले. ४.०५ : सौ. शुभा गेली. ४.२० : आवक क्र. १. विषय : संगणकात जंतू आढळल्याबाबत.'

मला लख्ख आठवलं. चहा निवत होता, मला निघायची घाई होती. इंटरनेटवरून ते फुकटचं साधन उतरवून मी 'पुढे, पुढे, पुढे' असं दाबत सुटले होते. अण्णांनी तेव्हा विचारलंही होतं, "वाचायचं नसतं का ते?" आणि मी, आठवीची कॉम्प्युटर टीचर, म्हणाले होते, "असलं कुणी वाचत नाही हो अण्णा."

वहीत पुढची सगळी पानं जाहिरातींनी भरली होती. 'शुभा आली' अशी नोंद त्यात एकदाही नव्हती. मला फार लाज वाटली.

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमच्या परवानग्या हा नंतरचा भाग. चोर मीच घरात आणून बसवला."

आता तारीखच हातात होती. लॅपटॉपमधल्या प्रोग्रामांच्या यादीत मी त्या दिवशी बसवलेले बघितले. मोफत सफाईवाला तिथेच होता. तो काढायला घेतला तर लागलीच चौकट आली, आणि माझं बोट सवयीने 'पुढे'वर गेलं.

"थांब," अण्णांनी माझा हात धरला. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली. "हे बघ, खाली बारीक अक्षरात काय म्हणायलंय. साधन काढा, पण त्याचा मदतनीस राहू द्या. आणि खूण आधीच करून ठेवली पठ्ठ्यानं!"

ती खूण अण्णांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली. मग दोन्ही ब्राउझरमधली न सांगता बसलेली उपसाधनं, म्हणजे एक्स्टेन्शन्स, आम्ही एकेक करून उपटली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. रावण एकटाच पर्वत हलवत होता. आम्ही तिघं पाच मिनिटं त्याच्याकडे नुसते बघत बसलो.

रविवारी अण्णा पाऊण तास बोलले. बॅग कुणाच्याच हातात नव्हती. आई पहिल्या रांगेत बसली होती. रावण पडद्यावर आला, पण गुडघ्यांचा उल्लेख झाला नाही. टाळ्या वाजल्यावर अण्णांनी सवयीने मागे वळून पाहिलं, साहेब कुठे उभे आहेत म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसले.

घरी आल्यावर त्यांनी बारनिशी माझ्यापुढे सरकवली. "प्रकरण बंद केलं. इथं सही कर."

मी आनंदात होते. केली.

"वाचलंस का?" आईने विचारलं.

मग वाचलं. 'विषय : संगणकातील जाहिराती. कारण : सौ. शुभा. कार्यवाही : समज देण्यात आली. यापुढे सौ. शुभा दर शनिवारी दुपारी संगणक तपासणीस व चहास समक्ष हजर राहील. मान्य.' खाली माझी सही.

तेव्हापासून दर शनिवारी मी शाळेत तास घेते, न वाचता कशालाही होकार देऊ नका असं मुलांना बजावते, आणि शाळा सुटली की पडेगावची रिक्षा पकडते.