भोकाभोकांची भट्टी

"आत काय आहे ते बघू."

असे म्हणून अण्णा कमरेला खोचलेली लोखंडी नळी काढत. वीतभर लांब, एका टोकाला अणकुचीदार. ही नळी पोत्यात खुपसली की आतले धान्य ओघळून तळहातावर येते. रेल्वेच्या मालधक्क्यावर अण्णांनी सारी नोकरी नळी खुपसण्यात घालवली होती. वर ज्वारी आणि मधे खडे, वर सरकी आणि मधे माती, असे त्यांनी इतके पाहिले होते की पेन्शनीत निघाल्यावरही नळी सुटली नाही. खुपसायची, बाहेर काढायची, टोक नाकाशी न्यायचे आणि "हं" म्हणायचे. आखूड 'हं' म्हणजे माल ठीक. लांब 'हं' म्हणजे यात काहीतरी गोम आहे.

मुलांनो, तुमच्या परसातल्या भट्टीचा फोटो मिळाला. मातीचा घुमट, तोंडातून दिसणारा जाळ आणि लांब दांड्याच्या फळीवर तुमचा पहिला पिझ्झा. हे सारे तुम्ही दोघांनी आपल्या हातांनी बांधले, असे तुमच्या आईने लिहिले आहे. तुमचे कौतुक वाटले, पण फोटो पाहताच आधी अण्णा आठवले. सोलापुरात आमच्या शेजारच्या परसात अशीच एक भट्टी उभी राहिली होती. ती हकीकत क्रमाने सांगते.

एकोणीसशे तीसनंतरची वर्षे. मी पुण्याहून मॅट्रिक होऊन नुकतीच सोलापुरात सून म्हणून आले होते. आमच्या आणि अण्णांच्या परसामधे कमरेएवढी भिंत होती. माझी चौकशी करायला अण्णा पहिल्यांदा त्या भिंतीशी आले तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि सासूबाईंना विचारले, "इंग्रजी शिकलेली आहे म्हणता?"

"हो."

"रंगरूपही बरं आहे. मग इतक्या सहज कशी मिळाली?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भोसकून बघू नका म्हणजे झालं."

अण्णांचे सगळे असेच. कलिंगड भोसकून पाहत, गुळाची ढेप भोसकून पाहत. एकदा नवी गादी आणली तर तिच्यात जुना कापूस आहे का म्हणून तीही भोसकली, आणि मग काकू दुपारभर भोके शिवत बसल्या. काकू म्हणजे त्यांची पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या. मला म्हणाल्या, "लग्नात मी सुटले गं. तेव्हा ह्यांना नोकरी लागायची होती."

त्या काकूंना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. भाकरी नाही, पोळी नाही, भाताची पेजसुद्धा उलटून पडे. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. न्हाणीपर्यंत जायचे तर दाराची चौकट धरून, थांबत थांबत जात. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना होता त्या डॉक्टरांनी येऊन पाहिले आणि सांगितले, "दुधात बुडवून पाव द्या. तेवढाच पचेल. आता अंगात काही गेलं नाही तर मी काही करू शकणार नाही."

पाव हा शब्द ऐकताच अण्णांचा लांब 'हं' निघाला.

आज तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा आमच्यासारख्या घरांत पाव येत नसे. कणीक पायाने तुडवतात, अशी एक वदंता. दुसरी गोष्ट मात्र खरी होती. पीठ फुगवायला शिंदी वापरत. शिंदीच्या झाडाचा रस आंबला की त्याची नशा येणारी ताडी होते, ती. स्टेशनजवळच्या बेकरीत शिंदीचे मडके जाताना अण्णांनी स्वतः पाहिले होते.

"म्हणजे मी बायकोला दारू पाजू?" अण्णा म्हणाले.

डॉक्टर वैतागले. "मग स्वतः भट्टी बांधा आणि स्वतः भाजा."

डॉक्टर हे रागाने बोलले. अण्णांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखे पाळले.

गवंडी बोलावला नाही, कारण गवंडी मातीतही भेसळ करतो. सल्ला मात्र माझ्याकडे मागितला. माझ्याजवळ गृहव्यवस्थेचे एक इंग्रजी पुस्तक होते आणि त्यात परसातल्या भट्टीवर दोन पाने होती. मी भिंतीच्या या बाजूला उभी राहून वाचायची, मराठी करून सांगायची आणि अण्णा पलीकडून उलटतपासणी घ्यायचे.

"ओल्या वाळूचा ढीग करायचा, त्यावर मातीचा जाड थर द्यायचा, माती सुकली की तोंडातून वाळू काढून घ्यायची," मी सांगितले.

"लिहिणाऱ्यानं स्वतः केलंय का हे?"

"ते लिहिलेलं नाही."

"हं," अण्णा म्हणाले. लांब.

आमच्याकडची काळी माती सुकली की फाटते, म्हणून त्यांनी पडक्या भिंतींची पांढरी माती आणवली. तीत कडब्याचे तुकडे आणि शेण घालून ती स्वतः तुडवली. पाय तुडवण्याआधी तीनदा धुतले, हे सासूबाईंनी मुद्दाम मला दाखवले. घुमट सुरेख उठला, पालथ्या घातलेल्या रांजणासारखा. आता तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. मी ते दोनदा वाचून दाखवले.

पण बाहेरून सुकलेली माती आतून ओली नाही कशावरून? अण्णा रोज सकाळी परसात येत, इकडे तिकडे पाहत आणि घुमटात नळी खुपसत. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे, कारण कालची जागा सुकली म्हणून आजची सुकली असे थोडेच आहे. शेवटी वाळू काढून जाळ केला तेव्हा घुमटाच्या सगळ्या अंगातून धुराच्या बारीक रेघा निघाल्या. भट्टी उदबत्तीच्या झाडासारखी दिसत होती. अण्णांनी घुमटाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "माती भेसळीची होती."

भोके लिंपली. लिंपण दुसऱ्याच जाळाला गळून पडले. पुन्हा लिंपली, पुन्हा पडली. अखेर तशीच भट्टी चालू झाली.

आता संशय घ्यायची पाळी गल्लीची होती. पेन्शनर ब्राह्मणाच्या परसातून रोज धूर निघतो, तो जवळ कुणाला येऊ देत नाही आणि विचारले तर "भट्टी आहे" म्हणतो. समोरच्या घरातून हळूच निघाले, दारूच गाळत असणार. ते दिवसही तसे होते. गिरण्यांचे संप, मोर्चे, धरपकड, यामुळे पोलिसांना प्रत्येक भिंतीआड काहीतरी शिजताना दिसे. एका दुपारी हवालदार आला. अण्णांनी आधी त्याला पाय धुवायला लावले, मग परसात नेले. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते. वाळत घालायचे कपडे केव्हाच संपले होते.

"काय बांधलंय ह्ये?" हवालदाराने विचारले.

"भट्टी."

"ते दिसतंय की. कशाची?"

"पावाची."

"बामणाच्या परड्यात पावाची भट्टी. मला काय येडा समजता व्हय?"

अण्णा चिडले नाहीत. इतक्या वर्षांत आपल्या जातकुळीचा माणूस भेटल्याचे समाधान त्यांच्या तोंडावर होते. "तुम्ही संशय घेता ते रास्तच आहे," ते म्हणाले. "मीही घेतला असता. आत काय आहे ते बघू की." आणि त्यांनी नळी हवालदाराच्या हाती दिली.

हवालदाराने राख उकरून पाहिली, घुमटाच्या भोकांत डोकावून पाहिले आणि शेवटी फळीवरच्या पावात नळी खुपसली. ती निघेना. त्याने पाव धरला, अण्णांनी नळी धरली आणि दोघांनी ओढली.

"ह्यो पाव हाय?"

"पाव."

हवालदाराने पाव फळीवर आपटून आवाज ऐकला. "मंग दारू न्हाय, खरं हाय तुमचं. दारू पिऊन बी असलं कुणी करणार न्हाय." तो गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

खरेच, पाव दगडासारखे होत. शिंदी नको, म्हणून अण्णा आंबट ताक घालून पाहत, भिजवलेल्या हरभऱ्याचे पाणी घालून पाहत. पीठ जरा फुगते आहे असे दिसले की आत काय चालले आहे ते पाहायला नळी खुपसत आणि ते बसे. तरी रोज सकाळी ते पाव भाजत, वाटीभर दुधाबरोबर काकूंपाशी नेऊन ठेवत आणि मान वळवून निघून जात. बायको जेवताना समोर बसायचा त्यांना धीर होत नसे. थोड्या वेळाने येऊन पाहत तर ताट रिकामे.

"आजचा बरा झाला होता," काकू म्हणत.

आणि काकू सुधारू लागल्या. बांगड्या हळूहळू मनगटाकडे परत आल्या. अण्णांनी डॉक्टरांना बोलावून भट्टी दाखवली. डॉक्टरांनी पाव हातात घेऊन तोलला, काकूंची नाडी पाहिली, पुन्हा पाव तोलला आणि पिशवी उचलून निघून गेले.

मला मात्र पहिल्यापासून ठाऊक होते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरच चाले. पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनकडचा पाववाला आमच्या मागच्या दाराशी येई. "अम्मा, ताजा है, ले लेव," असे हळू आवाजात म्हणे. सासूबाई त्याला शिवायचे नाही म्हणून सूप पुढे करीत. पाव सुपात पडला की त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडत, ओल्या फडक्यात गुंडाळत आणि सरपणाच्या कोनाड्यात ठेवत. "घरात कुठं आणलाय? परसात आहे," असे मी न विचारताच मला सांगत. अण्णा ताट ठेवून पुढच्या ओसरीवर गेले की काकू न्हाणीच्या निमित्ताने भिंतीशी येत; हा पाव भिंतीवरून पलीकडे जाई आणि अण्णांचा पाव अलीकडे येई. तो आमच्या गाईच्या आंबोणात दिवसभर भिजत पडे. गाय अंगाने भरली. अण्णा तिच्याकडे पाहत विचारत, "हल्ली हिला काय घालता?"

"नेहमीचंच," सासूबाई म्हणत.

एकदा मी काकूंना विचारले, "आता तुम्ही बऱ्या आहात. अण्णांना सांगून टाकायचं का?"

काकू म्हणाल्या, "नको गं. शिंदीचा पाव कळला तर बंद करतील. आणि भट्टी विझली तर हा माणूस माझ्या उशाशी येऊन बसेल. मी आजारी पडले त्या दिवसांत बसले होते तसे. त्यांचं तोंड बघवत नव्हतं मला. पेटती असू दे भट्टी."

मग एक दिवस व्हायचे ते झाले. सासूबाईंनी फडक्यातला पाव भिंतीवर ठेवला आणि पलीकडून काकूंच्या ऐवजी अण्णा आले. नळी हातातच होती. सासूबाईंचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. अण्णांनी फडके सोडले. पाव सोनेरी, हलका, बोटाने दाबला तर परत वर येणारा. त्यांनी नळी खुपसली. ती लोण्यात जावी तशी गेली. बाहेर काढली, टोक नाकाशी नेले. पोत्याच्या तळाची ओल ज्या नाकाला कळे, त्याला शिंदी कळणार नाही असे कसे होईल?

तेवढ्यात काकू मागच्या दारात आल्या. फडके अण्णांच्या हातात पाहून जिथल्या तिथे थांबल्या. पण उभ्या होत्या. चौकट न धरता, दोन्ही हात मोकळे सोडून.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. तोंडाकडे नाही, त्या मोकळ्या हातांकडे. आमची गाय तेवढी आंबोण चघळत होती.

"हं," अण्णा म्हणाले. आखूड.

त्यांनी फडक्याची घडी पहिल्यासारखी घातली आणि पाव काकूंच्या हातात दिला. "आज आपल्या भट्टीचा पाव चांगला फुगलाय," म्हणाले आणि नळी कमरेला खोचून जाळ सारखा करायला गेले.

भट्टी त्यानंतरही रोज पेटत राहिली. दगडी पाव रोज आमच्या गाईकडे येत राहिला आणि फडक्यातला रोज पलीकडे जात राहिला. फरक एवढाच, की अण्णा आता ओसरीवर जाताना जरा मोठ्याने खाकरत, म्हणजे आम्हाला वेळ कळावी. यावर पुन्हा कधी अवाक्षर निघाले नाही.

बऱ्याच वर्षांनी, एका थंडीत, अण्णा अंथरुणाला लागले. सासूबाई तेव्हा नव्हत्या. मी फडक्यात पाव घेऊन भिंतीवरून न देता पुढच्या दाराने गेले. काकूंनी दूध पुढे केले. नळी खाटेजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. अण्णांचा स्वभाव ठाऊक म्हणून मी ती काढून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी मान हलवली.

"राहू दे," म्हणाले. "आत काय आहे ते ठाऊक आहे मला."

ती थंडी त्यांनी काढली नाही. भट्टी मात्र काकूंनी पाडू दिली नाही. एका उन्हाळ्यात तिच्यात मांजर व्यायले. संध्याकाळी उन्हाच्या तिरिपा घुमटाच्या भोकांतून आत जात, आणि गल्लीतली पोरे त्या भोकांना डोळा लावून, एकमेकांना ढकलत, आत काय आहे ते बघत.