तिसरा येईपर्यंत

दुकानात सायकल आली की तो आधी मालकाकडे बघायचाच नाही. पुढचं चाक उचलायचा, गरकन फिरवायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. मग म्हणायचा, "आउट हाय."

चाक फिरताना डावी-उजवीकडे झुलत असेल तर त्याला आउट म्हणतात. बाकीचे मेकॅनिक तो डोळ्यांनी शोधतात, हा कानांनी शोधायचा. अलिबागहून किहीमकडे जाताना तुम्हीही त्याला पाहिलं असेल. पत्र्याची शेड, उलट्या टांगलेल्या सायकली आणि त्यांच्या मधोमध डोळे मिटून बसलेला पन्नाशीचा माणूस. तुम्हाला वाटलं असेल, झोपलाय. झोपला नव्हता.

आम्ही त्याला दादूस म्हणायचो. आगरी घरातला, बापजाद्यांची मिठागरं. "मीठ लोखंडाला सोडत न्हाय," हे तो घरची गोष्ट सांगावी तसं सांगायचा. वाळूवरून आलेली सायकल गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय शेडमध्ये घेत नसे. मग ती कलेक्टरची का असेना.

माझी त्याची ओळख पत्रकामुळे झाली. बंगल्यांसाठी टेकडी पोखरत होते, त्याविरुद्ध मी निवेदनं देत, पत्रकं वाटत फिरत होते. त्यानं पत्रक सगळं वाचलं, ओळीखाली बोट ठेवून. मग विचारलं, "टेकडी वाचवा, लिवलंस. चढलीस कदी?"

नव्हते चढले. थापही मारता येईना.

"मग वाचवतेस कोनाला गो, निवेदन?"

तेव्हापासून माझं नाव निवेदन. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक माउंटन बाइक दिली आणि त्या टेकडीवर पाठवलं. परत आले तेव्हा दोन्ही गुडघे फुटले होते. तो म्हणाला, "आता लिव पत्रक."

त्याच्याकडच्या सायकली बंगलेवाल्यांनी टाकून दिलेल्या. हौसेनं आणायच्या, एक हिवाळा फिरवायच्या आणि खाऱ्या हवेत सडू द्यायच्या, ही यांची पद्धत. मी यावर तासभर बोलू शकते. दादूस बोलायचा नाही. एकीचा फोर्क, दुसरीचे गिअर, तिसरीची चाकं घेऊन तो चौथी उभी करायचा. "गंजलं म्हंजे मेलं न्हाय," एवढंच म्हणायचा.

वर्षातून एकदा आमच्या भागात हौशी संघांची शर्यत होते. टेकडी चढायची, तांबड्या मातीच्या पायवाटेनं उतरायचं आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवरून शेवटच्या कमानीपर्यंत. मुंबईचे संघ रो-रो बोटीनं येतात. हेल्मेट, चष्मे, हातमोजे सगळं एका रंगाचं. आमची तीन हेल्मेटं तीन रंगांची. संघ आमचा तिघांचा: मी, शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि दादूस. नियम असा की घड्याळ तिसऱ्यावर थांबतं. पहिले दोघे कितीही उडत आले तरी संघाची वेळ ती तिसऱ्याची.

आमचा तिसरा कायम दादूस. पाठीवर पंप, ट्यूब, चेनच्या जादा कड्या. सगळ्यात दमदार तोच, तरी पुढे जायचा नाही. "फुडं गेलेल्याला मागं काय तुटलं ते कळत न्हाय. तुमी जा. मी मागं हाय."

एक दिवस त्याच्या बोटांतून स्पोकच्या टोकाचं बारीक निपल खाली पडलं. त्यानं उचललं. पुन्हा पडलं. "हात खारलाय," म्हणाला. महिन्याभरात त्याला पान्यानं नट आवळता येईना.

मुंबईला दाखवून बोटीनं आला तेव्हा मी जेट्टीवर उभी होते.

"काय म्हणाले?"

"नसा. आधी हाताच्या, मग बाकीच्या. औषधानं थांबत न्हाय." चेन किती झिजलीय ते सांगावं, तसं सांगितलं.

मी भडकले. मला तेवढंच येतं. रस्ता खचला की मी ठेकेदार शोधते, झाड पडलं की सही कोणाची ते शोधते. इथे कोणाला शोधू? दुसऱ्या डॉक्टरकडे चल, म्हणून मी त्याचा जीव खाल्ला. दुसराही तेच म्हणाला, तेही तासभर बसवून, नीट समजावून. चूक कोणाचीच नव्हती. मला तेच सहन होईना.

"दे गो, माझ्या हाताला येक निवेदन दे," दादूस म्हणाला. "सात दिसांत उत्तर न्हाय आलं तर उपोषण!"

सर हसले. मीही हसले, मग शेडच्या मागे जाऊन आले.

त्या वर्षी तो शर्यतीत नसेल असं आम्ही धरलं होतं. त्यानं दोन्ही ब्रेक डाव्या मुठीवर आणले, तेही माझ्याकडून, एकेक स्क्रू सांगत. "येकदा पुरी करू दे. मग बसतो."

टेकडीच्या माथ्यावर तो नेहमीसारखंच म्हणाला, "तुमी जा. मी मागं हाय." आम्ही गेलो.

सर आणि मी कमानीतून पार झालो आणि वळून उभे राहिलो. बाकीचे संघ आले. मग शेवटचाही आला. मंडपात पोहे सुरू झाले. उतारावरच्या स्वयंसेवकाचा फोन आला: पडलेला नाही, चालत येतोय. डावा हातही दमला होता. सर त्याच्याकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला, कारण कोणी मदतीचा हात लावला की संघ बाद. धरलं ते बरोबर केलं का, मला अजून कळलेलं नाही.

शर्यतीची वेळ लावणाऱ्या शिट्टीवाल्या बाई आल्या. "ताई, तुमचा संघ 'अपूर्ण' लिहू का? भरती येतेय, कमान उतरवायचीय."

"तिसरा येईपर्यंत घड्याळ चालतं, नियम तुमचा आहे. किती वाजेपर्यंत, ते कुठे लिहिलंय? दाखवा!"

बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. लिहिलेलं नव्हतं. त्या परत खुर्चीवर बसल्या. माझं तेवढंच एक निवेदन जागच्या जागी मंजूर झालं.

तो आला तेव्हा पाणी पायाशी आलं होतं. हँडलवर दोन्ही कोपरं टेकवून सायकल ढकलत होता. कमानीखालून गेला, बाईंनी घड्याळ थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "उभी काय ऱ्हायलीस? गोडं पानी आन. चाकाला मीठ लागलंय."

नंतर तो शेडमध्ये नुसता बसायचा. मी चाक फिरवायची, तो डोळे मिटून सांगायचा, "आउट हाय." मग बोलणंही गेलं. आउट असला की कपाळाला आठी पडायची. मी आठी जाईपर्यंत तारा आवळत राहायची.

पुढच्या शर्यतीआधी तो गेला. फॉर्मवर तीन नावांच्या जागा असतात. आम्ही फॉर्म आणलाच नाही.

त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनीनं, निरोप धाडला, त्याची सायकल घेऊन जा. गेले. उलटीच टांगलेली होती. मी पुढचं चाक फिरवलं, डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही. आउट नव्हताच. चाक फिरतच राहिलं. थांबवायला मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे गो," वहिनी दारातून म्हणाली. "थांबंल तवा थांबंल."

मी हात मागे घेतला आणि उभी राहिले.