नव्यांच्या ओळीतले नाना

बोर्डिंगात गेल्यावर मी ज्या पहिल्या नव्या मुलाशी ओळख काढली, त्याचं वय बावन्न होतं. चेष्टा नाही करत. एकोणीसशे साठ-पासष्टचा सुमार असेल. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावातून एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी धुळ्याला कॉलेजात दाखल झालो होतो. पहिल्याच रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि जुन्या पोरांनी आम्हा नव्यांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं. याला बोर्डिंगात ‘हजेरी’ म्हणत. रॅगिंग हा शब्द मुंबई-पुण्याच्या डॉक्टरकीच्या पोरांचा. आमची आपली हजेरी. तर त्या ओळीत सगळ्यात पुढे, माझ्या शेजारी, धोतर, काळी टोपी आणि काखेत वळकटी अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. मला वाटलं, कुणाचा तरी बाप पोराला सोडायला आलाय. मी हळूच म्हटलं, “आबा, तुम्ही तिकडे सावलीत बसा. ही पोरांची भानगड आहे.”

ते म्हणाले, “मी बी नवाच शे ना भाऊ. उभं राहू दे.”

आणि खरंच उभे राहिले की! पाचोऱ्याचा वसंता म्हणून एक दांडगा जुना पोरगा होता, त्याने नाव विचारलं, यांनी सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. गाणं म्हण म्हटलं, तर डोळे मिटून एक अभंग अर्धा म्हटला आणि पुढचा विसरले. मग आगपेटीच्या काडीने व्हरांडा मोजायचा हुकूम झाला. पहिला गुडघा यांनीच टेकला, मागून आम्ही सगळे. माझा जीव नुसता कळवळला. म्हटलं, बिचारा जन्मभर मॅट्रिकला गटांगळ्या खात राहिला असणार, आता कुठे पास झालाय. संध्याकाळी हौदावर भेटले तेव्हा मी मोठ्या मनाने सांगूनही टाकलं, की इंग्रजी अडलं तर माझ्याकडे या. ते म्हणाले, “येईन हो, नक्की येईन.” दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही घ्यायला गृहपतींच्या खोलीत गेलो, तर खुर्चीत हेच! त्यांनी शांतपणे सही केली, टिपकागद दाबला आणि विचारलं, “मग इंग्रजीला केव्हा बसायचं?”

हे आमचे गृहपती नाना. पुढची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि हा माणूस शहाणा की खुळा, याचा निकाल मला एकदाही लावता आला नाही.

नानांनी काडीने व्हरांडा मोजण्यामागची गोष्ट मला नंतर कळली. नानांच्या आधीच्या गृहपतींनी हजेरीवर कडक बंदी घातली होती. मग पोरं नव्यांना पांझरेच्या पात्रात न्यायला लागली आणि तिथे एकाला खडकावरून उडी मारायला लावली, त्याचा हात कोपरातून मोडला. तो पोरगा परत आलाच नाही. नाना आले तेव्हा त्यांनी जुन्या पोरांना बोलावून सौदा केला. हजेरी बोर्डिंगाच्या व्हरांड्यात, भरदिवसा घ्यायची. गृहपती म्हणून मी तिच्यात पाय ठेवणार नाही, हा माझा शब्द. पण मीही इथे नवा आलोय, तेव्हा नवा म्हणून ओळीत उभा राहीन आणि जे एकाला सांगाल ते सगळ्या ओळीला. पोरं हसली आणि कबूल झाली. त्यांना काय ठाऊक, हा माणूस दर जूनला नवा होणार आहे!

नुसता त्या रविवारपुरता नव्हे बरं. सबंध जून महिना नाना नवेच असत. नव्यांनी हौदावर शेवटी पाणी भरायचं, तर हेही बादली घेऊन शेवटी. नव्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, तर यांचं पान शेवटच्या पंगतीत. जुनी पोरं ओशाळून म्हणायची, “नाना, तुम्ही या पुढे.” तर हे मागे बोट दाखवून विचारायचे, “आणि हे माझे सोबती?” झालं, सगळेच पुढे! जुन्यांची नुसती पंचाईत व्हायची.

बोर्डिंग चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळींना हे मुळीच आवडत नसे. गृहपतीने छडी घेऊन फिरावं, गुडघ्यावर रांगू नये, असं ते तोंडावर बोलत. मलाही ते पटायचं. एकदा मी धीर करून विचारलं, “नाना, तुम्हाला लाज नाही वाटत?”

“वाटते ना,” नाना म्हणाले. “मला वाटली की त्यांना पण वाटते. एकट्या पोराला वाटली, तर त्यांना मजा वाटते.”

बरं, हा उपाय चालायचासुद्धा. बावन्न वर्षांच्या माणसाला सांगून सांगून तुम्ही सांगणार काय? दोन वर्षांत हजेरी गाणी आणि पाढ्यांवर आली. पाहायला येणारेही कंटाळून जाऊन झोपायला लागले.

तिसऱ्या वर्षी हजेरी माझ्या हातात आली. वसंता पास होऊन गेला होता आणि आता मी जुना, मी पुढारी. अंगात नुसती मस्ती. मला वाटायला लागलं, या म्हाताऱ्याने आमचा हक्कच मारलाय. याला एकदा ओळीतून बाहेर काढला पाहिजे. कसा काढायचा, याचा मी चार दिवस विचार केला. एवढा विचार मी परीक्षेचा कधी केला नाही.

त्या वर्षी गुमान नावाचा एक पावरा आदिवासी मुलगा आला होता. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यातला. त्यांच्या पाड्यातून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. नाना स्वतः डोंगर चढून त्याच्या वडिलांकडे गेले होते आणि पोराला माझ्या हवाली करा म्हणून शब्द देऊन आले होते. त्या रविवारी वडील त्याला पोचवायला आले होते. चारच्या शिरपूर गाडीची वाट बघत ते व्हरांड्यासमोरच्या लिंबाखाली बसले होते.

हजेरी सुरू झाली. मी हुकूम सोडला, “प्रत्येकाने आपल्या बापाच्या नावाने शिवी द्यायची. मोठ्याने. पहिला नंबर नाना.” आणि शिवीही मीच ठरवून दिली. ती इथे लिहीत नाही. खानदेशात वाढलेल्या माणसाला ती सांगायला नको.

नानांनी वळकटी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, “हे मला जमायचं नाही.”

मी तयारच होतो. म्हटलं, “ज्याला जमत नाही तो ओळीबाहेर. आणि ओळीबाहेर तुम्ही गृहपती. हजेरीत गृहपतींचं काम नाही, तुमचाच शब्द आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण नाही. त्यांनी वळकटी उचलली आणि गुपचूप आपल्या खोलीत निघून गेले. अहो, गेले! शब्द दिला होता म्हणून! आज म्हातारपणीसुद्धा मला हे उमगत नाही. एक शब्द मोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

मग काय, ओळ आमचीच झाली. एकेक पोरगा शिवी देऊन मोकळा होत गेला. कुणी हसत दिली, कुणी पुटपुटला, त्याला आम्ही पुन्हा द्यायला लावली. गुमानची पाळी आली. तो बोलेना. लिंबाखाली त्याचे वडील बसलेले. मी दरडावलं, “बोल! नाहीतर बाप जाईपर्यंत इथेच एका पायावर उभा करीन.” तीनदा दरडावल्यावर त्याने दिली. ओरडून दिली, वडिलांच्या नावासकट.

आपलं नाव ऐकून वडील उभे राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं. पोरगा आल्या आल्या एवढ्या पोरांसमोर खडाखडा काहीतरी बोलला आणि त्यात आपलं नाव घेतलं, एवढंच त्यांना कळलं असावं. ते हसले. आम्हा सगळ्यांना त्यांनी हात जोडले.

ते हसू पाहिलं आणि मी पुढच्याला पुकारायचंच विसरलो. गुमान ओळीतून निघाला, खोलीतून ट्रंक उचलून आणली आणि वडिलांच्या पुढे फाटकाबाहेर चालता झाला. वडील मागे वळून वळून बघत होते, काय झालं ते त्यांना कळत नव्हतं. चारच्या गाडीने दोघे गेले.

मी नानांच्या खोलीत गेलो. आता मला काढून टाकतील, घरी पत्र जाईल, सगळं ठरवूनच गेलो होतो. नाना पलंगाच्या कडेवर बसले होते, वळकटी अजून मांडीवर. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “द्यायला पाहिजे होती रे शिवी. माझा बाप मरून वीस वर्षं झाली. त्याला काय लागणार होतं? मी आपला माझंच सोवळं सांभाळत बसलो.” आणि हा एवढा मोठा माणूस माझ्यासमोर, ज्याने हे सगळं केलं त्याच्यासमोर, धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. अहो, मला मारा की! मला शिव्या द्या! स्वतःलाच काय दोष देता?

शेवटी म्हणाले, “आत्माराम, उद्या माझ्यासोबत चल. त्याच्या बापाला काय झालं ते तूच सांगायचं.”

शिरपूरपर्यंत एस.टी., पुढे एका ट्रकमध्ये, मग तीन तास पायी. मी शंभरदा वाक्यं जुळवली आणि शंभरदा मोडली. गुमान अंगणातच होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. नाना त्याला म्हणाले, “हा बोलेल, तू तुझ्या वडिलांना सांग.”

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. हुकूम माझा होता, शिवी मी ठरवली होती, ती शिवी कसली होती, आणि ते हसले तेव्हा मी बघत होतो, हेसुद्धा. गुमान त्यांच्या बोलीत सांगत गेला. माझी दहा वाक्यं झाली तर त्याची दोन. मला वाटलं, खरं सांगवत नाही म्हणून हा दुसरंच काही सांगतोय. कारण वडील रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं, आत बघून बायकोला काहीतरी म्हटलं, आणि तिने माझ्यापुढे भाकर आणि मिरचीची चटणी आणून ठेवली. नानांच्या आधी मला! मी खाल्ली. मग वडिलांनी गुमानची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि सडकेपर्यंत आम्हाला सोडायला आले.

परतताना गुमान पुढच्या बाकावर होता. मी नानांना हळूच विचारलं, “काय सांगितलं असेल हो त्याने?”

“मला कुठे त्यांची बोली येते?” नाना म्हणाले आणि खिडकीतून तापी बघत बसले.

ते मला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. गुमान माझ्याशी नीट वागायचा, पुढे तर मला भाऊ म्हणायला लागला. पण प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, याने माझं पाप झाकलंय आणि त्या भाबड्या माणसाने फसून मला जेवू घातलंय. पुढच्या जूनला मी स्वतःची वळकटी घेऊन नव्यांच्या ओळीत नानांशेजारी उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पाचोऱ्याला मास्तर झालो, शाळेचं वसतिगृह माझ्याकडे आलं, तिथेही दर वर्षी उभा राहत आलो. बायको म्हणायची, पुरे झालं आता, गुडघे दुखतात ना? दुखत होते. पण राहवत नसे.

नाना शेवटी जळगावला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. दहाव्याला गुमान आला होता. तो आता आश्रमशाळेत मास्तर होता. विधी झाल्यावर आम्ही दोघे बाजूला जाऊन बसलो, आणि बारा वर्षं तोंडात अडकलेलं मी विचारून टाकलं, “त्या दिवशी तू वडिलांना काय सांगितलंस?”

“तू बोललास तेच,” गुमान म्हणाला. “तुझी वाक्यं दहा होती, पण गोष्ट एकच होती.”

“शिवीसकट?”

“शिवीसकट.”

“मग त्यांनी मला जेवायला का घातलं?”

“बा म्हणाला, हा पोरगा फार घाबरलाय, याला आधी खायला घाल.”

मी म्हटलं, “अरे, मग मला सांगायचंस तरी! नानांना तरी सांगायचंस!”

“नानांना काय सांगायचं? बोर्डिंगात यायच्या आधी पाच वर्षं आमच्याकडच्या शाळेत मास्तर होते ते. आमची बोली माझ्यापेक्षा चांगली बोलायचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्याच दिवशी सडकेला लागताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, याला इतक्यात सांगू नको. कळलं की हा मोकळा होईल आणि सगळं विसरेल.”

मला नानांचा असा संताप आला, असा संताप आला, की समोर असते तर मी त्यांना ती शिवी घातली असती. आणि त्या संतापातच गुमानच्या खांद्यावर डोकं टेकून मी ढसाढसा रडलो.