म्हशीचे जंतू

"मारायचंच हाय तर जंतू वाढवताय कशाला, मॅडम?" गगनबावड्याहून बाटलीत म्हशीचं दूध घेऊन आलेला माणूस दुधातले जंतू आधी वाढवावे लागतील हे ऐकून आमच्या लॅबच्या खिडकीशी ओरडला. म्हशीचं एक सड सुजलं होतं, इंजेक्शनं वाया गेली होती आणि सड बाद होईल या धास्तीनं तो खुर्ची दिली तरी बसेना.

"वाढल्याशिवाय कुठल्या औषधानं मरतात ते कसं कळणार?" मी म्हटलं.

दोन दिवसांनी त्याला काचेची बशी दाखवली. वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्यांना खेटून जंतू खुशाल वाढले होते. फक्त एकीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ रिंगण होतं.

मिशी चोळत तो म्हणाला, "म्हंजे बाकीची औषधं नुसती जेवून गेलेली पावणं की!"

त्या एका औषधाचं नाव रिपोर्टवर लिहून दिलं. आठवड्यानं फोनवर तो एवढंच ओरडला, "सडातनं धार सुटली, मॅडम!"

रिपोर्ट आम्ही देतो. उलट आम्हाला रिपोर्ट देणारा तो पहिलाच.