‘मिशाळ’ या शब्दाची तिसरी चिठ्ठी

“आवडलेलंच लिहायचं असेल तर माणसानं पत्रं लिहावीत. कोशात ऐकलेलं लिहायचं असतं,” असं मैनाबाई तोडकर एकदा मला म्हणाल्या होत्या.

त्या वेळी त्या जेवणाचा डबा उघडत होत्या. मी एका चिठ्ठीवरचं ओबडधोबड वाक्य थोडं साफसूफ करून संगणकावर टाकलं होतं आणि ते त्यांनी पकडलं होतं. मी वाक्य पुन्हा होतं तसं केलं. त्यांनी मला कोशिंबीर वाढली. विषय संपला.

आमचं शब्दकोशाचं काम वीस वर्षं सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत चाललं होतं. दोन हजार एक साली एका सॉफ्टवेअर कंपनीनं ते आपल्याकडे घेतलं. मराठी शब्द संगणकावर आणायचे, पुढेमागे मोबाइलवरही, अशी योजना होती. कपाटं टेम्पोत घालून आम्ही वारज्याला हायवेजवळच्या एका नव्या इमारतीत आलो. तिथल्या खिडक्या उघडत नसत. खाली कुणाचं तरी मेथीचं वावर शिल्लक होतं आणि दर आठवड्याला त्याचा एकेक वाफा खडीखाली जात होता. आम्ही वरून ते पाहायचो. आवाज काचेतून आत येत नसे.

संपादक होते श्यामसुंदर गद्रे. कंपनीच्या बाजूनं सुदर्शन नावाचा तिशीतला प्रोजेक्ट मॅनेजर होता. सारखा “यूजरला काय हवंय” असं म्हणायचा. गद्रे त्याला म्हणाले होते, “आमच्याकडे वाचक असायचे. तुमचे यूजर काय करतात? वाचतात का?” सुदर्शन हसला. तो कशावरही हसायचा आणि त्याच्या मनात काही राहत नसे. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

मैनाबाई शब्द गोळा करायच्या आणि मी ते संगणकात भरायचो. शब्द ऐकला की त्याची चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर वाक्य, गाव, बोलणारा, प्रसंग आणि बोलणं कोणाविषयी होतं, हे लिहायचं. नवा अर्थ कोशात घ्यायचा तर तीन चिठ्ठ्या हव्यात, आणि त्यांतली निदान एक दुसऱ्या कुणी ऐकलेली हवी, असा गद्र्यांचा नियम होता. “एकाच कानावर विश्वास ठेवायला आपण काही देवर्षी नव्हे,” ते म्हणायचे. वीस वर्षांत हा नियम त्यांनी कुणासाठी, स्वतःसाठीही, मोडला नव्हता.

मैनाबाई बार्शीकडच्या. वडील उत्तरेश्वर तोडकर शाळेत कारकून होते. मुलीला त्यांनी एम.ए. केलं आणि मग दुसरं काही जमेना तेव्हा पुण्याला पाठवलं. आल्या तेव्हा त्या स्वारगेटजवळ कॉट बेसिसवर राहायच्या. कार्यालय हललं तशा वारज्यात एका खोलीत आल्या. वय तेहतीस. बोलणं कमी, अक्षर सुंदर, ऐकणं विलक्षण. बसमध्ये त्या नेहमी दोन बडबड्या बायकांच्या मागच्या सीटवर बसायच्या. गुरुवारी मात्र उशिरा यायच्या आणि त्या दिवशी त्यांच्या वरच्या ओठावरची कातडी लालसर दिसायची. उन्हानं होत असेल, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत कंपनीला कुणाला तरी काम दाखवायचं होतं. त्यासाठी सुदर्शननं पाच शब्द निवडले. त्यांत एक होता ‘मिशाळ’. “फनी आहे,” तो म्हणाला. “चित्र पण मस्त टाकता येईल.”

शब्दाचं खोकं काढलं. मिशाळ म्हणजे भरघोस मिशा असलेला. मिशाळ गडी, मिशाळ हवालदार. एका चिठ्ठीत मिशाळ बोका होता. जुन्नरकडच्या एकीत मक्याचं मिशाळ कणीस होतं, धागे लोंबणारं. सगळीकडे शब्दाला थोडा रुबाब, थोडं कौतुक. सर्वांत मागे मैनाबाईंच्या अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. ती गद्र्यांनी मोठ्यानं वाचली.

“‘मुलगी शिकलेली आहे, पण मिशाळ आहे.’ बार्शी, एकोणीसशे पंच्याण्णव. बोलणारी, मुलाची आत्या. प्रसंग, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम.” त्यांनी चष्मा वर केला. “कोणाविषयी, या रकान्यात नुसतं ‘मुलीविषयी’ आहे. मुलगी कोण, तोडकरबाई?”

“मी,” मैनाबाई म्हणाल्या.

खोलीत आम्ही तिघंच होतो. गद्र्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. मला त्या गुरुवारांचा अर्थ तेव्हा कळला.

“हा अर्थ नव्हे,” गद्रे म्हणाले. आवाज त्यांच्या मानानं फारच मऊ होता. “हा अपमान आहे. कोशात अपमानांना जागा कुठे देणार?”

“अपमान झाला तो याच शब्दानं झाला ना, सर? दुसऱ्या शब्दानं झाला असता तर त्याची चिठ्ठी केली असती.”

“एकच चिठ्ठी आहे.”

“मग काढून टाकू नका. मी आणते.”

गद्रे म्हणाले, “सोमवारपर्यंत आणा. त्यानंतर सुदर्शनरावांचं यंत्र कुणासाठी थांबत नाही.”

जेवणाच्या सुट्टीत मी मैनाबाईंना म्हणालो की हे कशाला, सोडून द्या. त्यांनी पोळीचा घास हातातच ठेवला.

“त्या आत्यानंतर मला चार ठिकाणी दाखवली. शब्द आमच्या आधी पोचलेला असायचा. वडील एकदा म्हणाले, असं कुणी म्हणत नसतं गं, तुलाच तसं ऐकू येतं. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.” त्यांनी घास परत डब्यात ठेवला. “कोशात आलं म्हणजे ते माझ्या एकटीच्या चेहऱ्याचं राहणार नाही. लोक म्हणतात, एवढं तरी छापलेलं असेल. मला ऐकू येतं असं नाही, लोक म्हणतात.”

यापलीकडे त्यांनी या गोष्टीविषयी मला कधी काही सांगितलं नाही.

म्हणजे तेहतीस वर्षांच्या त्या बाईला आता शहरभर फिरून, जो शब्द टाळायला ती गाव सोडून आली होती तोच शब्द स्वतःच्या तोंडानं विचारायचा होता. आणि विचारताना समोरचा माणूस कुठे बघणार, हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी त्या मार्केट यार्डात गेल्या. लसूण निवडणाऱ्या बायकांत तुळजाबाई म्हणून एक ओळखीच्या होत्या, शब्दांच्या बाबतीत फार उदार. त्यांच्याशी झालेलं बोलणं मैनाबाईंनी चिठ्ठीला जोडलेल्या कागदावर सगळंच्या सगळं उतरवलं होतं. मी ते संगणकात भरलं, एक अक्षर न बदलता.

“बाईला मिशाळ म्हणतात का हो तुमच्याकडं?”

“म्हंत्यात की. आमच्या आळीत एक व्हती. नवऱ्यानं नांदवली न्हाई.”

“म्हणजे नेमकी कशी बाई?”

“आता कशी म्हंजे? तुज्यावानी.”

“माझ्यासारखी?”

“आगं, लाजायचं काय त्यात? तू दोऱ्यानं काढतीस, ती काढत नव्हती. यवढाच फरक. माजं नाव लिवलंस का त्यात? लिव, लिव. आन च्या पी.”

चिठ्ठीवर ‘कोणाविषयी’ या रकान्यात मैनाबाईंनी स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं होतं. मैना उत्तरेश्वर तोडकर. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं.

दोन झाल्या. तिसरी दुसऱ्या कानाची हवी होती.

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. दुपारी मी आणि सुदर्शन जिन्याजवळच्या गॅलरीत चहा पीत उभे होतो. चित्रकाराकडून ‘मिशाळ’चं चित्र अजून आलं नव्हतं. सुदर्शन वैतागला होता, आणि वैतागला की तो विनोद करायचा.

“दत्तप्रसाद, चित्र कशाला पाहिजे?” तो म्हणाला. “आपल्याकडे आहेत की मिशाळ मॅडम. बुधवारी सकाळी फोटो काढू. गुरुवारी उपयोग नाही.”

म्हणजे त्यालाही गुरुवार माहीत होते. कदाचित सगळ्यांनाच होते, मीच मागे होतो. मी हसलो. पुष्कळ नाही. तोंडात चहा असताना माणूस हसतो तेवढं. तेवढ्यात अर्धवट उघडं दार ढकलून मैनाबाई बाहेर आल्या, खांद्याला पिशवी. सुदर्शनची पाठ होती, माझं तोंड त्यांच्याकडे होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडावर ते हसू अजून होतं, आणि त्या जिना उतरून गेल्या. सुदर्शननं कप डब्यात टाकला आणि क्रिकेटबद्दल काहीतरी सुरू केलं. त्याच्या डोक्यातून ते वाक्य गेलेलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. वर मैनाबाईंच्या अक्षरात ‘मिशाळ’. गाव: वारजे. प्रसंग: चहा. वाक्य, बोलणारा, कोणाविषयी, हे तीन रकाने कोरे. बाकी निरोप नाही, सही नाही. त्या आपल्या जागेवर बसून कुठल्या तरी दुसऱ्याच शब्दाचं काम करत होत्या.

मी पेन घेतलं. वाक्य मला पाठ होतं. बोलणारा लिहायचा तर सुदर्शन लिहावं लागलं असतं, आणि ती चिठ्ठी सुदर्शनसमोरच वाचली गेली असती. कोणाविषयी, तेही लिहावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की बाईंची किती शोभा होईल, भर बैठकीत. हे कारण इतकं सोयीचं होतं की मी ते सर्वांत पुढे ठेवलं आणि बाकीची त्याच्यामागे लपवली. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये गेली.

बैठक अकराला झाली. पडद्यावर ‘मिशाळ’ आला. हवालदाराचं चित्रही अखेर आलं होतं, पिळदार मिशांचं. खाली पहिला अर्थ, आणि त्याखाली फिकट अक्षरांत दुसरा: ‘ओठावर ठळक केस असलेली (स्त्री), हेटाळणीने.’ व्याख्या मैनाबाईंनीच केली होती.

“सर, हे दुसरं खरंच कुणी म्हणतं का?” सुदर्शननं विचारलं. “मी तर कधी ऐकलं नाही. आणि लेडीज यूजर्सना उगाच वाईट वाटेल.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी शनिवारी त्यानं शब्द वापरलाच नव्हता, नुसता वेळ घालवला होता.

“वाईट वाटतं की नाही हा आपला प्रश्न नव्हे,” गद्रे म्हणाले. “म्हणतात की नाही, एवढाच प्रश्न. दोन चिठ्ठ्या आहेत, चांगल्या आहेत. दोन्ही तोडकरबाईंच्या.” त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. मला वाटतं, त्यांना ती तिसरी चिठ्ठी मनापासून हवी होती. “दत्तप्रसाद, तुमची सगळीकडे ऊठबस असते. तुमच्या कानावर कधी आलंय?”

मैनाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती, धाकही नव्हता. त्या ऐकत होत्या. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बायकांचं ऐकावं तसं, वाक्य कसं येतंय ते.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या कानावर नाही.”

गद्र्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग दोन्ही एकाच कानाच्या. नियम आहे, बाई. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“आवृत्ती नसते सर, आता अपडेट असतं,” सुदर्शन म्हणाला आणि त्यानं एक कळ दाबली. दुसरी ओळ गेली. हवालदार थोडा खाली सरकून मध्यभागी आला.

“आता छान दिसतंय,” सुदर्शन म्हणाला. “पुढचा शब्द घेऊ?”

मैनाबाई उठल्या. गद्रे “तोडकरबाई” एवढंच म्हणाले. बाईंनी खुर्ची सावकाश आत सरकवली, टेबलाला वळसा घालून माझ्या मागून गेल्या, काचेचं जड दार दोन्ही हातांनी ओढलं आणि बाहेर पडल्या.